मदत आधी येते, जबाबदारी मागाहून

बालवाडीत पालकांची पहिली बैठक झाली की एक तक्रार हमखास कानावर येते. "ताई, याला जबाबदारीची काही जाणीवच नाही बघा." बघावं तर 'हा' साडेतीन वर्षांचा असतो आणि त्या क्षणी आईच्या पर्समधली नाणी काढून सतरंजीवर त्यांची रांग लावत असतो. साताऱ्यात बालवाडीच्या पोरांत बरीच वर्षं काढल्यामुळे मला या तक्रारीचं आता नवल वाटत नाही. पण तिच्या मुळाशी एक घोळ आहे आणि तो सुटला तर घरातली बरीचशी कटकट कमी होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घोळ असा की, दुसऱ्याला मदत करणं आणि जबाबदारीनं वागणं या दोन्ही गोष्टी आपण एकाच खात्यावर मांडतो. पोरगा आजीला चष्मा आणून देतो तेव्हा तो गुणाचा. तोच पोरगा रोज चपला दारात भिरकावतो तेव्हा तो बेफिकीर, आणि मग घरच्यांना वाटतं, कालपर्यंत होते ते गुण गेले कुठे? ते कुठे गेलेले नसतात. मदतीची ओढ मुलात दीड वर्षाच्या आसपास आपली आपण दिसायला लागते. जबाबदारीला त्याहून बरंच जास्त लागतं. काम आठवावं लागतं, दुसरं काही खुणावत असताना स्वतःला आवरावं लागतं, आणि मजा संपल्यावरही काम तडीस न्यावं लागतं. हे सगळं मुख्यतः कपाळामागच्या मेंदूच्या जिवावर चालतं आणि तो भाग सगळ्यात सावकाश तयार होतो, पार विशी उलटेपर्यंत.

म्हणून मदतीची ओढ जपायची असते आणि जबाबदारीला टेकू द्यायचा असतो. बहुतेक घरांत चालतं ते उलटं. मूल मदतीला आलं की त्याला बाजूला काढतात आणि जबाबदारीवर मात्र भाषण देतात.

चिमटा पडला तर

2006 साली फेलिक्स वार्नेकन आणि मायकेल टोमासेलो या दोन मानसशास्त्रज्ञांनी 'सायन्स' नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोघंही तेव्हा जर्मनीतल्या लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत काम करत होते. मुलं होती 18 महिन्यांची, एकूण 24. एक अनोळखी माणूस दोरीवर कपडे वाळत घालतोय. त्याच्या हातून चिमटा खाली पडतो. तो हात लांबवतो, हात पोचत नाही. दुसऱ्या प्रसंगात तो मासिकांचा गठ्ठा दोन्ही हातांत धरून बंद कपाटाशी येतो आणि दारावर आपटतो, कारण उघडायला हात मोकळा नाही. अशा बऱ्याच प्रसंगांत 24 पैकी 22 मुलांनी एकदा तरी उठून मदत केली. बहुतेक वेळा पहिल्या दहा सेकंदांतच, त्या माणसानं त्यांच्याकडे बघण्याच्याही आधी. शाबासकी नव्हती, खाऊ नव्हता.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट पुढेच आहे. त्याच माणसानं चिमटा मुद्दाम खाली टाकला, तेव्हा मुलं फारशी उठली नाहीत. म्हणजे नुसती पडलेली वस्तू उचलायची हौस नव्हती. या माणसाला ते हवंय आणि पोचत नाहीये, हे त्यांना धड बोलता येत नाही त्या वयात कळत होतं. याच कामात तीन छोट्या चिंपांझींनीही हात न पोचणारी वस्तू उचलून दिली होती, तेव्हा हे प्रकरण संस्कारवर्गाच्या बरंच आधीचं आहे म्हणायचं.

आता हाच प्रयोग आपल्या घरात रोज कसा फसतो ते बघा. संध्याकाळी मेथीची जुडी सुटते. दोन वर्षांची नात येऊन शेजारी फतकल मारते. एक काडी उचलते, पानं खाली टाकते आणि देठ मुळासकट, मातीसकट निवडलेल्या भाजीत ठेवते. मग आजीचं बघून पान ओरबाडते, त्याचा चुरा होतो. "आगं जा, खेळ जा तिकडं, सगळं कालवलंस." नात उठते. पुन्हा दोन मिनिटांनी येते, पुन्हा तिला उठवतात, शेवटी कुणीतरी मोबाईल हातात देतं. चार-पाच वर्षांनी त्याच घरात वाक्य बदललेलं असतं: "एवढी घोडी झाली, पण कशाला हात लावत नाही." कसा लावेल? कामाच्या जागेवरून तिला शेकडो वेळा उठवलंय. काम मोठ्यांचं आणि आपण खेळायचं, हा धडा आपणच तिच्याकडून घोकून घेतला आहे.

मानसशास्त्रज्ञ बार्बरा रोगॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकोत यावर बरंच काम केलं आहे. तिथल्या मूळ रहिवाशांची परंपरा असलेल्या कुटुंबांत लहान मूल कामाजवळ घुटमळलं तर त्याला सामावून घेतात, काम बिघडलं तरी. ही मुलं सहा-आठ वर्षांची झाली की न सांगता धाकट्याला सांभाळतात, अंगण झाडतात. ग्वादालाहारा शहरातल्या शिकल्या-सवरलेल्या, शहरी वळणाच्या कुटुंबांत मुलाला ठरवून दिलेली कामं असतात, त्यासाठी मागे लागावं लागतं, आणि आपणहून हात लावणारं मूल क्वचित दिसतं. हे वाचताना मला मेक्सिको दिसतच नाही. जावळीतलं एखादं घर आणि सातारा शहरातला फ्लॅट दिसतो.

नोकरी करणारी आई म्हणेल, ताई, सकाळी सातला डबा करायचा असतो, तेव्हा याला कणीक मळू देऊ का? नकाच देऊ. सगळ्या कामांत सगळ्या वेळी मूल घ्यायची गरज नाही. दिवसातलं एक काम निवडा, जे दहा मिनिटं लांबलं तरी कुणाची एसटी चुकणार नाही. जेवणाआधी पानं घेणं, वाळलेल्या कपड्यांतून मोजे जोडणं, मेथी किंवा कोथिंबीर निवडणं. आणि काम मोडून द्या. मेथीची काडी तुम्ही देठाशी धरा, तिनं पान खुडायचं. निवडलेल्या भाजीची पाटी दोघींची एकच. वेगळ्या वाटीत 'तुझी खोटी खोटी भाजी' दिली की मुलाला लगेच कळतं आपल्याला कटवलंय.

फुलपात्र भरताना

आमच्याकडे खाऊच्या वेळी पाणी पोरंच देतात. छोटा तांब्या, अर्धाच भरलेला. तीन वर्षांचं मूल तो गळ्याशी दोन्ही हातांनी धरतं, जीभ बाहेर, आणि पाणी ओतताना फुलपात्राकडे बघायचं सोडून समोरच्या मित्राच्या तोंडाकडे बघतं. साहजिकच पाणी सतरंजीवर. सांडल्यावर मूल पहिल्यांदा पाण्याकडे बघतच नाही, माझ्याकडे बघतं. तो एक क्षण फार मोलाचा आहे. मी काहीच बोलत नाही, खुंटीवरच्या फडक्याकडे नजर टाकते. मूल जाऊन फडकं आणतं, पुसतं, म्हणजे पाणी आणखी लांबवर पसरवतं, आणि पुन्हा तांब्या उचलतं. दिवाळीपर्यंत बहुतेकांचं सांडणं थांबलेलं असतं. नवीन आलेली एखादी आई दारातून हे बघून पळत येते आणि तांब्या काढून घेते. तिला बाहेर बाकड्यावर बसवून चहा देणं, हा माझ्या कामाचाच भाग.

इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी 1907 साली रोममध्ये गरीब वस्तीतल्या मुलांसाठी जे घर उघडलं तिथं ओतणं, पुसणं, झाडणं, बटणं लावणं ही अभ्यासाचीच कामं होती. भांडी मुद्दाम खरी, फुटणारी. फुटलं की हाताला जपून धरायचं कळतं. आपल्याकडे स्टीलमुळे तेवढा धोका नाही, नुसता आवाज होतो.

माहीत असतं, जमत नाही

चपलांकडे वळू. मुलाला विचारा, "चप्पल कुठे ठेवायची?" तो म्हणेल, "कपाटात." लगेच, बिनचूक. आणि त्याच्या चपला एक उंबऱ्यात, एक जिन्यात. इथं आईबापांचा पारा चढतो: माहीत असून करत नाही म्हणजे मुद्दाम करतोय!

मुद्दाम करत नाही. मानसशास्त्रज्ञ फिलिप झेलाझो यांचा पत्त्यांचा एक साधा खेळ यासाठी प्रसिद्ध आहे. पत्त्यांवर चित्रं, समजा लाल-निळे ससे आणि लाल-निळ्या होड्या. आधी सांगतात, रंगाप्रमाणे लाव. तीन वर्षांचं मूल छान लावतं. मग सांगतात, आता रंग नाही, चित्राप्रमाणे लाव. मूल रंगाप्रमाणेच लावत राहतं. थांबवून विचारलं की आताच्या खेळात ससे कुठे जातात, तर बरोबर जागा दाखवतं, आणि पुढचा पत्ता पुन्हा चुकीच्या जागी ठेवतं. नियम पाठ आहे, पण हात आधीच्या नियमानं चालतो. पाच वर्षांच्या आसपास बहुतेक मुलांना हे जमायला लागतं. कुणी शिकवणी लावली म्हणून नाही, मेंदूला रुळ बदलायला तेवढा काळ लागतो म्हणून.

दारातून आत धावत येणारं मूल टीव्हीच्या, आजोबांच्या, भुकेच्या ओढीनं येतं. त्या वेगात थांबून आधीचा मनसुबा बाजूला ठेवणं आणि चप्पल हा नवा नियम धरणं, हे त्याच्यासाठी त्या पत्त्यांइतकंच अवघड आहे. "तुला किती वेळा सांगितलं" या प्रश्नाचं खरं उत्तर 'भरपूर वेळा' असलं तरी उपयोग नाही, कारण अडचण माहितीची नाहीच. दारात खाली बसून हात धरून एकदा चप्पल ठेवून घेतली, उद्या पुन्हा, परवा पुन्हा, तर ती सवय म्हणून बसते, आणि सवयीला मेंदूची फार मेहनत लागत नाही. कपाट दूर असेल तर दाराशीच एक पाटी ठेवा आणि तिच्यात त्याच्या पावलांचा ठसा काढा. टेकू म्हणजे एवढंच.

सूचनाही याच कारणानं एकेक द्यायची. "खोली आवर" हे चार वर्षांच्या मुलाला कळत नाही, त्यात दहा कामं दडलेली आहेत. "गाड्या या डब्यात" हे कळतं. त्या झाल्या की पुस्तकं. आणि तुम्ही शेजारी बसून दोन गाड्या उचलल्या तर त्याच्या आठ उचलून होतात. खुर्चीवर बसून हुकूम सोडलात तर एकही नाही.

आठवण कुणी करून द्यायची

झाडाला पाणी घालायचं काम मुलांना देण्याची टूम आहे. पुस्तकांत असतं, शाळा सांगतात. बिचारी तुळस. पहिले तीन दिवस तिला इतकं पाणी मिळतं की मुळं कुजावीत, मग पंधरा दिवस थेंब नाही. कारण तुळस बोलत नाही. सुकायला तिला वेळ लागतो आणि सुकल्यावरही ती गप्पच असते. चार वर्षांच्या मुलाला 'पुढे करायचं काम' आपलं आपण आठवणं फार जड जातं. समोर काही घडलं, दिसलं, ऐकू आलं तर आठवतं.

गावाकडच्या मुलांना हे सोपं जातं. दावणीला शेळी असेल आणि तिचं करडू असेल तर पाला घालायचा कुणी विसरू म्हटलं तरी विसरू शकत नाही, करडू बोंबलून घर डोक्यावर घेतं. पाला टाकला की गप्प. काम, कारण आणि परिणाम, तिन्ही एका मिनिटात डोळ्यांसमोर. बेंदराला मातीचे बैल करणारी चार-पाच वर्षांची पोरं त्या बैलांपुढेही वैरण टाकतात, ती समज यातूनच आलेली असते.

फ्लॅटमध्ये करडू आणायला मी सांगत नाही. पण युक्ती तीच वापरा: काम घड्याळाला बांधू नका, रोज घडणाऱ्या गोष्टीला बांधा. "पाच वाजता पाणी घाल" याला काही अर्थ नाही, त्याला घड्याळ कळत नाही. "आजोबा चहाला बसले की तुळशीला एक फुलपात्र" हे चालतं, कारण आजोबा रोज चहाला बसतात, आणि विसरलंच तर तेच म्हणतील, "बाळ, तुळशीनं चहा घेतला का?" हे वाक्य आठवण करून देतं आणि ओरडत नाही. जबाबदारी मुलाची आणि आठवण मोठ्यांची, ही वाटणी शाळेच्या पहिल्या-दुसऱ्या इयत्तेपर्यंत चालायचीच. तिच्यात कमीपणा नाही. आपणही कितीतरी गोष्टींसाठी मोबाईलला गजर लावतो.

स्टार, चॉकलेट आणि दहा रुपये

इथं माझं मत जरा कडक आहे, पण ते माझ्या एकटीचं नाही. वार्नेकन आणि टोमासेलो यांनीच 2008 साली 20 महिन्यांच्या मुलांबरोबर दुसरा प्रयोग छापला. मदत केल्यावर काही मुलांना दरवेळी बक्षीस दिलं, काहींचं नुसतं कौतुक केलं, काहींना काहीच नाही. नंतर सगळ्यांचं बक्षीस बंद करून पुन्हा मदतीचे प्रसंग आणले. बक्षिसाला सोकावलेली मुलं आता कमी मदत करत होती. कौतुकवाली आणि काहीच न मिळालेली मुलं मात्र आधीसारखीच उठत होती.

त्याच्या कितीतरी आधी, 1973 साली, अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांना हेच चित्र काढण्याच्या बाबतीत दिसलं होतं. ज्या मुलांना स्केचपेन मनापासून आवडायचे त्यांतल्या काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंस तर रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काही दिवसांनी मोकळ्या वेळात तेच पेन ठेवले, तर ही मुलं बाकीच्यांच्या निम्म्यानंच वेळ चित्रं काढत बसली. अचानक प्रशस्तिपत्र मिळालेल्यांवर असा परिणाम दिसला नाही. म्हणजे बक्षीस घातक नाही, आधी ठरवलेला सौदा घातक. मूल आवडीनं करत होतं, आपण त्याचं मोल ठरवलं, आणि मोल बंद झाल्यावर त्यानं दुकानही बंद केलं.

हातावर निळ्या शाईचा स्टार उमटवणाऱ्या शाळा आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. मुलं खूश होतात, मान्य. पण स्टार मिळाला नाही त्या दिवशी मूल काय करतं ते जरा बघा. घरी तर सरळ दर ठरलेले असतात: ताट उचललं तर चॉकलेट, आजीचे पाय चेपले तर दहा रुपये. मुलं हिशेबाला तल्लख असतात. काही महिन्यांत "आधी दे, मग चेपतो" इथपर्यंत गाडी येते आणि मग आपण म्हणतो, आजकालची मुलं मतलबी!

बोलायचंच तर जे झालं ते बोला. "तू पानं घेतलीस म्हणून आजोबांना लगेच जेवायला बसता आलं." यात कौतुक आहे आणि मुलाला आपल्या कामाचा उपयोगही कळतो. "वा, किती शहाणं बाळ" हे ऐकायला गोड, पण कशाबद्दल ते त्याला कळत नाही.

खाऊ वाटून घेण्याबद्दल एक सांगते, कारण त्यावरून घरात उगीच रुसवेफुगवे होतात. मदत करणारं मूल वाटूनही घेईल असं धरू नका. चिमटा उचलून देण्यात मुलाचं काही जात नाही, पेढा देण्यात जातं. अर्थतज्ज्ञ अर्न्स्ट फेर आणि सहकाऱ्यांनी 2008 साली स्वित्झर्लंडमधल्या मुलांना गोळ्या वाटायला सांगितल्या, तेव्हा तीन-चार वर्षांची बहुतेक मुलं आपल्यापुरतंच बघणारी निघाली. समसमान वाटणीकडे कल दिसला तो सात-आठ वर्षांच्या मुलांत. तेव्हा पाहुण्यांच्या पोराला कंदी पेढा दिला नाही म्हणून तीन वर्षांच्या मुलाला चारचौघांत 'कंजूष' म्हणू नका. पेढा तुम्हीच मोडून दोघांना द्या आणि विषय संपवा.

"सॉरी म्हण" हाही तसलाच प्रकार. मूल "सॉरी" म्हणतं आणि पळतं, कारण तो शब्द म्हणजे सुटकेचं तिकीट आहे हे त्याला कळलेलं असतं. तीन वर्षांच्या मुलाला आपल्या हातून दुसऱ्याचं काही मोडलं की ते नीट करायची ओढ असते. तिला वाट द्या: पडलेला मनोरा दोघांनी मिळून पुन्हा रचा. आणि रागावण्याआधी मुलाच्या मनात काय होतं ते बघा. मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी 1932 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात लहान मुलांना विचारलं होतं: एकाच्या हातून चुकून पंधरा कप फुटले आणि दुसऱ्याच्या हातून मुरंबा चोरताना एक फुटला, तर जास्त वाईट कोण? लहानांनी पंधरा कपवाल्याला दोषी ठरवलं. मोठी होता होता मुलं मागचा हेतू बघायला शिकतात. ती शिकतील कुणाकडून, जर घरात मदत करताना फुटलेल्या बरणीला जास्त मार आणि खोडी काढताना सांडलेल्या वाटीला कमी मार मिळत असेल तर?

काम खरं हवं

साताऱ्यात राहून कामातल्या शिक्षणाबद्दल लिहायचं आणि कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव घ्यायचं नाही, हे जमायचं नाही. 1919 साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था निघाली आणि 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. सगळ्या जातींची मुलं तिथं एकत्र राहायची, स्वयंपाकापासून शेतातल्या कामापर्यंत सगळं स्वतः करायची. ती मुलं मोठी होती, बालवाडीला ती व्यवस्था जशीच्या तशी लागू पडत नाही. तरी तिच्यातला एक धागा उचलण्यासारखा आहे: ते काम खोटं खोटं नव्हतं. कुणीतरी भाकरी केली नाही तर सगळे उपाशी. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचं केंद्र काढलं, तेव्हा मुलांना शाळेत ओढण्यापेक्षा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आजची अंगणवाडी त्याच कल्पनेतून आलेली आहे. शिकण्याची साधनं मुलाच्या भोवतीच पडलेली असतात, हा त्यातला मुद्दा.

याच्या जोडीला आजचं चित्र ठेवते. बऱ्याच नर्सरींत 'कम्युनिटी हेल्पर्स डे' असतो. कुणी डॉक्टर, कुणी पोलीस, कुणी सफाई कामगार. पोशाख भाड्यानं येतात, फोटो निघतात, दोन ओळी इंग्रजीत पाठ म्हणतात. एका शाळेत मी पाहुणी म्हणून गेले होते. सफाई कामगार झालेल्या चिमुरड्याच्या हातून फ्रुटीचं पाकीट सांडलं. तो नवी कोरी केरसुणी हातात धरून तसाच उभा राहिला आणि शाळेच्या मावशी येऊन पुसून गेल्या. त्याला पुसायची इच्छा होती हो. तो वाकलाही होता. "ड्रेस खराब होईल," म्हणून त्याला मागे ओढलं.

मुलगा की मुलगी यावरून होणारा भेदभावही इथेच येतो. तीन वर्षांपर्यंत केरसुणी ओढायची हौस मुलग्यांना अगदी तेवढीच असते, मी रोज बघते. पाचव्या वर्षी मुलीच्या हातात ती राहते आणि मुलग्याला म्हणतात, "राहू दे रं, तुझं काय काम." पुढे त्याच्या बायकोनं तक्रार केली की घरचे म्हणतात, त्याला सवयच नाही. सवय होती. आपण मोडली.

हाताशी काय द्यावं, काय नाही

गॅस, विळी, बंबातलं किंवा गिझरचं पाणी, पाण्याचा हौद, फिनेल, कीटकनाशकाचा डबा यांच्या आसपास मदतीचा हट्ट चालू द्यायचा नाही. इथं 'नाही' म्हणजे नाही. शेंगा फोडायला बसवायचं तर पाच वर्षांखालच्या मुलावर नजर ठेवा, अख्खा दाणा तोंडात टाकून हसलं तर तो श्वासनलिकेत अडकू शकतो. धाकट्या भावंडाला उचलून घ्यायची जबाबदारी या वयात कुणालाच देऊ नका. डायपर आणून देणं, रडलं तर खुळखुळा वाजवणं पुरे. आणि जे काम दिलं ते मूल झोपल्यावर गुपचूप पुन्हा करू नका. वाकड्या घडीचा टॉवेल तसाच राहू दे.

सामान मात्र मुलाच्या मापाचं, पण खरं हवं. मोती चौकाच्या बाजूला भांड्यांच्या दुकानांत छोटा तांब्या, छोटी पाटी सहज मिळते. दांड्याचा झाडू घेतला की त्याचा दांडा मुलाच्या खांद्याच्या उंचीला कापून घ्या. पुसायला जुन्या बनियनचा तुकडा उत्तम, पाणी चांगलं टिपतो, आणि तो मुलाच्या हाताला येईल अशा खुंटीवर टांगा, नाहीतर दरवेळी तुम्हालाच उठावं लागेल. खेळण्यातला प्लास्टिकचा झाडू घेऊ नका. त्यानं केर निघत नाही, आणि हे तीन वर्षांच्या मुलाला दुसऱ्याच दिवशी कळतं.